कारवी फुलली की कोयता थांबवा

ताईंनो, कुडाची भिंत आपल्यातल्या बऱ्याच जणींनी सारवली असेल. त्या कुडात कारवीच्या काठ्या असतात. पण कारवीचं फूल किती जणींनी पाहिलंय? सह्याद्रीतली ही कारवी साधारण ७-८ वर्षांनी एकदाच फुलते. एरवी पावसाळ्यात हिरवीगार, उन्हाळ्यात नुसत्या काठ्या. मग एखाद्या वर्षी श्रावण-भादव्यात अख्खा उतार जांभळा होतो आणि मधमाश्यांची चंगळ होते. कारवीचा मध गडद, दाट असतो.

हिची भावंडं पुष्कळ आहेत. कासच्या पठारावर टोपली कारवी, तर केरळात १२ वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी. ती २०१८ साली फुलली होती.

आता खरी गोष्ट ऐका. कारवी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. सगळी झुडपं बरोबरच फुलतात, म्हणून मरतातही बरोबरच. वाळलेल्या बोंडांना ओल लागली की ती तडतड फुटतात, बी उडतं आणि पावसात रुजतं. पुढच्या पिढीला बी मिळतं ते या एकाच वर्षी. फुललेल्या कारवीच्या मोळ्या तेव्हाच बांधल्या, तर त्या उतारावर रुजणार काय? आणि कारवी गेली की उतारावरची माती धरून ठेवायला तेवढं कमीच.

बोंडं फुटून रिकामी झाली, की मात्र काठ्या खुशाल न्या. झुडूप तसंही मेलेलंच असतं. कुडाला, वेलांच्या मांडवाला, चुलीला, कुठेही लावा.