कॅथेड्रल म्हणजे खुर्चीचं चर्च

आजचा एपिसोड म्हणजे खरं तर एक दुरुस्ती आहे. गोव्याच्या एपिसोडमध्ये मी ओल्ड गोव्यातल्या बॉम जिझसला दोनदा ‘कॅथेड्रल’ म्हटलं. लगेच एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली: “दादा, ती बॅसिलिका. कॅथेड्रल रस्त्याच्या पलीकडे.” माझी समजूत अशी होती की चर्च, बॅसिलिका, कॅथेड्रल हे टी-शर्टच्या साइजसारखं असतं. स्मॉल, मीडियम, लार्ज. तसं अजिबात नाहीये. म्हणून वाचत बसलो, आणि सगळं प्रकरण एका खुर्चीवर येऊन थांबलं.

ग्रीकमध्ये ‘कथेद्रा’ म्हणजे बसायची जागा, आसन. ‘काता’ म्हणजे खाली आणि ‘हेद्रा’ म्हणजे बैठक. लॅटिनने तो शब्द तसाच उचलला. पुढे फ्रेंचमधून झिजत झिजत त्याचाच इंग्रजी ‘चेअर’ झाला. म्हणजे तुम्ही आत्ता ज्यावर बसून हे वाचताय ती चेअर आणि कॅथेड्रल, दोघी एकाच घरातल्या.

आता खुर्चीचं एवढं काय? तर त्या काळात शिकवणारा बसून शिकवायचा. आज वर्गात सर उभे आणि पोरं बसलेली असतात, पण तेव्हा बसणं हीच अधिकाराची खूण होती. ख्रिस्ती समाजात शिकवण्याचा अधिकार बिशपचा, म्हणून खुर्ची बिशपची. जुन्या चर्चमध्ये ती वेदीच्या मागे, अर्धगोल भिंतीच्या बरोबर मध्यभागी असायची. इटलीतल्या रावेन्ना गावात सहाव्या शतकातलं मॅक्सिमियन या बिशपचं हस्तिदंती आसन अजून जपून ठेवलंय. फोटो नक्की बघा, कोरीवकाम वेड लावणारं आहे.

एका बिशपच्या हाताखालच्या प्रदेशाला धर्मप्रांत म्हणतात. त्या प्रांतातल्या ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची, ते कॅथेड्रल. बस्स, एवढीच व्याख्या. मुळात हा शब्द विशेषणच होता: ‘कॅथेड्रल चर्च’, म्हणजे खुर्चीचं चर्च. मागचं ‘चर्च’ नंतर गळून पडलं. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर कॅथेड्रल ही साइज नाही, तो एक फ्लॅग आहे. ट्रू किंवा फॉल्स.

सगळ्यात भारी उदाहरण रोमचं. व्हॅटिकनमधलं सेंट पीटर्स एवढं अवाढव्य, पण ते कॅथेड्रल नाही! पोप हे रोमचे बिशप असतात आणि त्या नात्याने त्यांची खुर्ची शहराच्या दुसऱ्या भागात, लॅटरनच्या सेंट जॉन चर्चमध्ये आहे. रोमचं कॅथेड्रल ते.

मुंबईकरांनो, तुमच्या रोजच्या वाटेवरचं उदाहरण पण आहे. फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च १७१८ साली प्रार्थनेसाठी खुलं झालं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे जायचं तो चर्चगेट. दरवाजा गेला, स्टेशनला नाव राहिलं. पण हे चर्च शंभरहून जास्त वर्षं नुसतं चर्चच होतं. मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत १८३७ मध्ये वेगळा झाला, थॉमस कार पहिले बिशप झाले आणि त्याच चर्चचं कॅथेड्रल झालं. वसईतही तसंच. १९९८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीचं अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च कॅथेड्रल बनलं.

आता गोवा. रस्त्यापलीकडच्या त्या चर्चचं नाव ‘से कॅथेड्रल’. मला वाटायचं ‘से’ म्हणजे ‘सेंट’चं काहीतरी रूप. नाही! पोर्तुगीज ‘से’ आलाय लॅटिनच्या ‘सेदेस’वरून, आणि त्याचा अर्थ… परत आसनच. म्हणजे ‘से कॅथेड्रल’ हे ‘एटीएम मशीन’सारखं झालं, एकच गोष्ट दोनदा. आणि ऐका, हा ‘सेदेस’, मघाचा ‘हेद्रा’ आणि संस्कृतमधला ‘सद्’ म्हणजे बसणं, हे भाषाशास्त्राप्रमाणे एकाच मुळाचे. त्या ‘सद्’वरून आपल्याकडे सदन, परिषद, संसद आले. ‘विद्यापीठ’मधल्या पीठाचा अर्थही तोच: आसन. आणि विद्यापीठात एखाद्याच्या नावाने जे ‘अध्यासन’ असतं, त्याला इंग्रजीत चेअरच म्हणतात. ज्ञान आणि अधिकार म्हटलं की सगळ्यांना बसायची जागाच आठवलेली दिसते.

राहिली बॅसिलिका. हा शब्द ग्रीक ‘राजा’वरून आला. रोमन काळात बॅसिलिका म्हणजे कोर्टकचेरी आणि व्यापारासाठीचं मोठं सभागृह. आज कॅथलिक चर्चमध्ये तो पोपकडून मिळणारा मान आहे. बॉम जिझसला तो १९४६ मध्ये मिळाला. वांद्र्याचं माउंट मेरीसुद्धा बॅसिलिकाच. एकच चर्च दोन्ही असू शकतं, लॅटरनचं आहेच.

तर बॉम जिझस, जिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत, ती बॅसिलिका. गोव्याच्या आर्चबिशपची खुर्ची समोर, ‘से’मध्ये. गोव्याच्या एपिसोडचं वर्णन मी दुरुस्त केलंय. ऑडिओ तसाच ठेवलाय, चूक ऐकायची असेल तर ऐका. आणि व्हॉइस नोटवाल्या मित्रा, थँक यू रे.