पायाखालचा पास्कल

कळमना बाजारात संत्री उतरवायला जुनी पिकअप मागे घ्यायची आहे आणि रिव्हर्स टाकताच गिअरबॉक्स करकरतो. क्लच पूर्ण सुटत नसला की पहिली बोंब बहुधा रिव्हर्सच मारतो. जुन्या गाड्यांत त्याला सहसा सिंक्रोनायझर नसतो. खाली पाहावे तर पेडल तळाला बसलेले.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पाय आणि गिअरबॉक्स यांच्यात केबल नसते. असते ते जेमतेम अर्धा कप ब्रेक ऑइल. पेडल मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलते, ऑइल नळीतून स्लेव्ह सिलिंडरपर्यंत दाब नेते, तिथला पिस्टन क्लच सोडवणारा फोर्क रेटतो. लहान पिस्टनवरचा एक माणूस शंभरपट मोठ्या पिस्टनवरच्या शंभर माणसांना तोलून धरतो, असे पास्कलने लिहून ठेवले. ते छापले गेले १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर.

हिशेब करून बघा. पायाचा जोर १२ किलो, पेडलच्या तरफेने सहापट, म्हणजे ७२. मास्टरचा पिस्टन १६ मिलिमीटर व्यासाचा धरला तर दर चौरस सेंटिमीटरला ३६ किलो दाब! १९ मिलिमीटरच्या स्लेव्हवर तोच दाब शंभर किलोंच्या वर जोर देतो. एवढ्या दाबाखाली ऑइल हजारात दोन भागही आकसत नाही. हवेचा बुडबुडा मात्र छत्तिसाव्या हिश्शावर येतो. पाय दाबत राहतो आणि सगळी मेहनत बुडबुडा चेपण्यात जाते.

हा सगळा दाब अडवून धरतात ती रबरी वॉशरे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, ओलीने सिलिंडरला आतून गंज चढतो आणि त्या खडबडीत जागेवर वॉशराची कड कापली जाते. आपल्याकडचा पावसाळा या कामात हातभार लावतोच. पेडलमागचा दांडा ओला असेल तर मास्टर गळतोय. स्लेव्हचे रबरी बूट सोलल्यावर ऑइल ठिबकले तर स्लेव्ह. बाहेर थेंबही नाही आणि दाबून धरलेल्या पेडलचा जोर हळूहळू ओसरतो, तेव्हा मास्टरच्या आतल्या वॉशरावर संशय घ्यावा.

वॉशरांचे किट बदलल्यावर हवा काढणे आलेच. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने स्लेव्हचे निपल सैल करायचे; पारदर्शक नळीतून बुडबुडे निघतात. निपल आवळल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर बाहेर काढलेली हवा पुन्हा आत. मास्टरवरची ऑइलची टाकी रिकामी होऊ दिली तरी तेच.

सिलिंडर आतून खरवडला असेल तर नुसत्या किटवर पैसे घालू नका, सिलिंडरच बदला. आणि टाकीत इंजिन ऑइल किंवा रॉकेल चुकूनही घालू नका; वॉशरे फुगतात, मग मास्टर, स्लेव्ह आणि होज, सगळेच नवे घ्यावे लागते. टाकीच्या झाकणावर जे लिहिले असेल, डॉट ३ किंवा डॉट ४, तेच सीलबंद डब्यातून ओता.