तिठा आणि चव्हाटा

परदेशी शिक्षणाच्या परीक्षेसाठी आमचा नातू सध्या इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकीत असतो. परवा पुस्तक घेऊन तो माझ्याजवळ आला आणि वैतागून म्हणाला, "आजोबा, 'क्वाड्रिव्हिअल' हे कसले विशेषण? असला शब्द कोणी कधी वापरीत असेल काय?" मी म्हटले, "चप्पल घाल. अर्थ तुला मांडवीत दाखवितो."

मांडवीपाशी उभे राहिले की पश्चिमेस लहरीपुरा, पूर्वेस पाणी, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडी अशा चार दरवाजांकडे चार रस्ते जातात. या विशेषणाचा अर्थ एवढाच : जेथे चार वाटा मिळतात ते. लॅटिनमध्ये 'व्हिया' म्हणजे वाट आणि 'क्वाटुओर' म्हणजे चार. हा 'क्वाटुओर' आणि आपला संस्कृत 'चत्वार' ही एकाच घरची भावंडे. म्हणजे परीक्षेतला हा अवघड शब्द आपल्या 'चव्हाट्या'चाच दूरचा नातलग झाला!

याचा धाकटा भाऊ मात्र सर्वांच्या ओळखीचा आहे. तो 'ट्रिव्हिअल'. मूळ अर्थ तीन वाटांचा, म्हणजे आपल्या भाषेत तिठ्यावरचा. तिठ्यावर कोणीही यावे, काहीही बोलावे. म्हणून लॅटिनमध्येच या शब्दाला 'सामान्य, बाजारी' असा अर्थ चिकटला होता. इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तो 'क्षुल्लक' या अर्थाकडे घसरत गेला. गंमत अशी, की युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांना 'ट्रिव्हियम' म्हणत, तर गणित, भूमिती, संगीत आणि ज्योतिष या चार विद्यांना 'क्वाड्रिव्हियम'. वाटा मिळतात त्या जागेवरून विद्येलाही नाव मिळाले आणि क्षुल्लकपणालाही.

मराठीने तरी याहून वेगळे काय केले? घरातली गोष्ट 'चव्हाट्यावर आली' म्हणजे अब्रू गेली. पण याच चव्हाट्याला कोकणातील गावे देव मानून नारळ ठेवतात. रोमन लोकही डायाना देवतेला 'ट्रिव्हिया', म्हणजे तिठ्याची देवी, म्हणत. ज्या जागेला नावे ठेवायची, तिलाच हातही जोडायचे!

आपली मांडवी हे याचे उत्तम उदाहरण. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. मुंबईतही या नावाची पेठ आहे. मुसलमानी अमदानीतील या चौकोनी मंडपाची डागडुजी १७३६ साली झाल्याची नोंद आहे. त्याच्या चारही बाजूंना तीन तीन कमानी आहेत. तीन आणि चार, तिठा आणि चव्हाटा, येथे एकाच छपराखाली नांदतात.

हे सारे सांगण्याचे कारण निराळे आहे. पुण्याचे पाहुणे आले की आमच्या मराठीस हसतात. आम्ही 'वाडा' न म्हणता 'पोळ' म्हणतो, मिरवणुकीला 'वरघोडा' म्हणतो. ही भाषा त्यांना बाजारी वाटते. खरे आहे, ती मांडवीच्या बाजारातच घडली. पण सयाजीराव महाराजांनी कारभारातील इंग्रजी शब्दांचा कोश करविला, तेव्हा १९३१ च्या त्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु'त मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली असे शेजारी शेजारी बसविले. ज्याला आपण भेसळ म्हणून लाजतो, ती एका राज्याने पदरी बाळगलेली श्रीमंती होती. आता जुनी घरे पोळ सोडून दूरच्या वसाहतींत, परगावी, परदेशी जात आहेत. घरे पुन्हा बांधता येतात. चव्हाट्यावर घडलेला शब्द एकदा 'क्षुल्लक' म्हणून टाकला, की तो पुन्हा कोणी घडवीत नाही.

नातू येत्या वर्षी जाईल. त्याला अडविण्याचा माझा विचार नाही. वाटा जाण्यासाठीच असतात. परत येताना त्याने काही विचारले नाही. रात्री त्याची वही उघडी पडली होती, म्हणून सहज पाहिले. त्या अवघड विशेषणापुढे अर्थाच्या रकान्यात त्याने एकच शब्द लिहिला होता : 'मांडवी'.