शुत्कातलं एर्देलेझी

सकाळचे सात वाजलेत. दारोदारच्या चौकटींना विलोच्या ओल्या डहाळ्या खोचल्या आहेत. आपल्या वाळुंजाच्या कुळातलं हे झाड. आज 6 मे, एर्देलेझीचा सण. उत्तर मॅसेडोनियाची राजधानी स्कोपिये, तिच्या उत्तरेच्या या उपनगराचं कागदोपत्री नाव शुतो ओरिझारी. बोलण्यात मात्र शुत्काच. इथले बहुतेक रोमा मुसलमान, आणि आजचाच दिवस ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती शेजारी संत जॉर्जचा म्हणून पाळतात. मी उतरलोय त्या घरी आजीबाई नातवंडांना फुलं नि पाला टाकलेल्या पाण्याने न्हाऊ घालताहेत. शेजारच्या अंगणात कोकरू सोलणं चाललंय. थोड्या वेळाने ते अख्खं भट्टीवर जाईल.

कोपऱ्यावरून वाजप येतं. दोन झुर्लावाले, एक तपानवाला. सनईच्याच जातीची झुर्ला. एकजण नुसता सूर धरतो, दुसरा त्यावर चाल खेळवतो, आपल्याकडच्या लग्नातल्या सनईवाल्यांसारखं. मी हातभर अंतरावर उभा आहे. सूर धरणाऱ्याचे गाल टम्म फुगलेत, श्वास नाकाने घेतोय, पण सूर कुठेही तुटत नाही. तपानच्या एका तोंडावर जाड टिपरू पडतं, दुसऱ्यावर बारीक छडी तडतडते. एक घरधनी पुढे येतो आणि देनारची नोट वादकाच्या घामेजल्या कपाळाला चिकटवतो. ती तिथेच राहते; त्याचे दोन्ही हात झुर्लेवर आहेत.

“तुम्ही इंडियाचे ना?” बाकावरचे आजोबा विचारतात. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी आमच्यामध्ये दुभाषी. पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघाले, हे इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. आजोबा सरकून मला जागा देतात.

“भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा. आमचं घर तोपानात होतं.”

26 जुलै 1963, पहाटे 5 वाजून 17 मिनिटं. स्कोपियेत हजारावर माणसं गेली, शहराचा मोठा भाग पडला. तोपानासारख्या जुन्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी रोमा कुटुंबांना मग शहराबाहेर इथे वसवलं गेलं. इथल्या एका शाळेचं नावच ‘26 जुलै’ आहे. आजोबा ज्या हाताने त्या दिशेला बोट दाखवतात, त्याच हाताने नातीच्या तोंडात बदाम घालतात.

1996 मध्ये शुत्काची वेगळी पालिका झाली. 2002 च्या जनगणनेत लोकसंख्या 22,017, त्यात 13,342 रोमा. बाकी अल्बेनियन, मॅसेडोनियन आणि इतर. महापौर रोमा असतात, पालिकेच्या कारभारात मॅसेडोनियनबरोबर रोमानी भाषाही अधिकृत आहे. मला इथलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं. दिग्दर्शक एमिर कुस्तुरिका यांनी ‘टाइम ऑफ द जिप्सीज’ या चित्रपटाचं बरंच चित्रण इथे केलं, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्यांना शुत्कात वाजप आणि दारिद्र्य तेवढं दिसतं. दोन्ही आहेत. पण युरोपभर हुसकावल्या गेलेल्या या लोकांनी इथे मत द्यायला आपलाच माणूस उभा केला, कर भरला, गटारासाठी त्याच्याशी भांडण केलं. याची बातमी कोण करतं?

बाजारात आज अर्धीच दुकानं उघडी आहेत. बूट, जीन्स, चांदीच्या टिकल्यांचे नवरीचे झगे. काम कमी, म्हणून माणसं जर्मनीला जातात. 2009 अखेरीस शेंगेन देशांसाठी व्हिसाची अट उठली तशी आणखी गेली, आश्रयाचे अर्ज फेटाळले गेल्यावर बरीचशी परतलीही. सणाला आलेल्या जर्मन नंबरच्या गाड्या गल्लीत अंग चोरून उभ्या आहेत.

घरात एस्मा रेजेपोव्हांचं गाणं लावलंय. “एस्मा तुमच्याकडे आली होती,” आजीबाई मला बजावून सांगतात. 1976, चंदीगडचा रोमा महोत्सव; तिथेच तिला रोमा संगीताची राणी म्हटलं गेलं. 2016 मध्ये ती गेली. आजीबाई तिचं नाव घेताना अजून वर्तमानकाळातच बोलतात.

दुपारी गल्लीत ओरो नाच सुरू होतो. हातात हात, रांग उजवीकडे सरकतेय, पुढची बाई रुमाल फिरवतेय. घोळदार सलवारींच्या रांगेत जर्मनीहून आलेली जीन्समधली सून दोनदा चुकते. सासू तिचा हात सोडत नाही, वाजपावर आवाज चढवून तिला पावलं मोजून देते, आणि रांग मला ओढून घेत पुढच्या गल्लीत वळते.