रुखवतातला पाळणा

नागपूरच्या सदर बाजारातून छावणी मागे टाकून काटोल रस्त्याने वायव्येकडे निघाले, की काही मैलांवर माहुरझरी लागते. डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० ते १९७२ या काळात तेथे झालेल्या उत्खननात शिलावर्तुळांखालील दफने उजेडात आली. अकीक, कार्नेलियन, स्फटिक अशा दगडांचे मणी त्या परिसरात पुरे घडवलेले आणि अर्धवट टाकून दिलेले अशा दोन्ही अवस्थांत सापडत असल्यामुळे, येथे मणी घडवण्याचा उद्योगच चालत असला पाहिजे, याविषयी विद्वानांना शंका उरली नाही. त्या अज्ञात कारागिरांची नोंद पुरातत्त्वाच्या दप्तरात झाली. परंतु त्याच मुलखातील घराघरांतून अगदी परवापरवापर्यंत काचेचे मणी ओवून ज्या स्त्रियांनी पोपट, तोरणे, महिरपी आणि वीतभर पाळणे सिद्ध केले, त्यांच्या वाट्याला रुखवताचा एक दिवस तेवढा आला.

रुखवत म्हणजे मुळात लग्न लागण्यापूर्वी वधूपक्षाकडून नवऱ्या मुलाला जाणारा फराळ. पुढे त्या ताटांच्या शेजारी वधूच्या आणि तिच्या आयामावश्यांच्या हातच्या वस्तू येऊन बसल्या, व हळूहळू त्यांनी लाडूचिवड्याला कोपऱ्यात सारले. जरीच्या कापडात गुंडाळलेले सुपारीचे नवरानवरी, चिंध्यांच्या बाहुल्या आणि मण्यांच्या पाळण्यात निजवलेले कापसाचे बाळ, असा सारा भावी संसार त्या मेजावर मांडलेला असे. तो पाळणा जवळून पाहण्याजोगा असतो. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात. त्या दोन्ही एकाच मण्यातून परस्परविरुद्ध दिशांनी काढल्या की मण्यांचा चौकोन आवळून बसतो, आणि पुढचा चौकोन त्याच्याच एका बाजूवर उभा राहतो. मण्यांत लहानमोठेपणा आला की जाळी वाकडी जाते, म्हणून ओवण्याआधी ते ताटात पसरून निवडावे लागतात. असेच मणी बाळाच्या कुंचीला लागत, आणि दृष्ट लागू नये म्हणून मनगट्यांत काळे मणी असतच.

उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील लकोटा, शायान, कायोवा या जमातींकडे आणि नैर्ऋत्येकडील अपाचींकडे पाहावे, तर तेथेही मणी, पाळणा आणि बाहुली यांची अशीच सोयरीक आढळते. काचेचे मणी मूळचे त्यांचे नव्हेत. व्हेनिस व बोहेमिया येथील भट्ट्यांतला माल व्यापाऱ्यांनी कातड्यांच्या मोबदल्यात तेथे नेला, जसा तो हिंदुस्थानच्या बाजारांतही उतरला. तत्पूर्वी मैदानी स्त्रिया साळिंदराचे काटे रंगवून व चपटे करून चामड्यावर शिवीत. लकोटा पद्धतीत एका टाक्यात अनेक मणी ओवून केवळ दोन टोकांशी चामड्याला टाका घालतात, त्यामुळे प्रत्येक ओळ मध्यभागी किंचित फुगून उठते. कायोवांचा पाळणा म्हणजे दोन टोकदार फळ्यांवर बसवलेली, मण्यांनी मढवलेली चामड्याची पिशवी, जिच्या दोन्ही बाजूंची नक्षी पुष्कळदा भिन्न असते. अपाचींचा पाळणा वाकवलेल्या लाकडाच्या चौकटीचा, डोक्याशी पट्ट्यांचे छप्पर असलेला. हे पाळणे पाठीवर घेऊन किंवा खोगिराला अडकवून न्यायचे. त्यांची लहान प्रतिकृती करून, तीत चामड्याची बाहुली बांधून मुलीच्या हाती देत, आणि मूल कसे गुंडाळावे व कसे वागवावे हे ती खेळता खेळता शिके.

भेद आहे तो मानमरातबाचा. शायान स्त्रियांत काट्यांचे काम करणारणींचा एक प्रतिष्ठित संघ असे, आणि योद्ध्याने आपले पराक्रम सांगावेत तशी त्या आपण पुरी केलेली कामे मोजून सांगत. कायोवा कलावती व्हॅनेसा जेनिंग्ज यांना १९८९ मध्ये अमेरिकन सरकारच्या कलानिधीने राष्ट्रीय सन्मान दिला. आपण मात्र अशा कामाला ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणून मोकळे झालो; जणू चुलीपुढच्या बाईला फावला वेळ सरकारी रजेसारखा मंजूर होऊन येत होता! वरात गेली की मण्यांचा पोपट माळ्यावरच्या ट्रंकेत जाई, आणि दोरा कुजला की जाळीच विस्कटे. आता रुखवत तयार मिळते, भाड्यानेही मिळते; ते वाईट झाले असे मला म्हणवत नाही, कारण त्यात करणारीच्या हाती निदान चार पैसे पडतात.

सदरपासून जवळच, सिव्हिल लाइन्समध्ये, १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा अजब बंगला आहे. एक कुंची, एक मण्यांचा पाळणा आणि एक सुपारीचे जोडपे, करणारीचे नाव, गाव व साल लिहिलेल्या चिठ्ठीसह तेथे ठेवायचे ठरवले, तर दोन हात जागा पुरेल.