साखर आटोक्यात आहे का? कमी खर्चात कसं ओळखाल

जावळी तालुक्यातल्या केळघर किंवा बामणोलीकडून मेढ्याला दवाखान्यात यायचं म्हणजे सकाळची एसटी गाठायची आणि दिवस मोडायचा. म्हणून कुठली तपासणी कधी करायची, हे ठाऊक असलेलं बरं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. तरी बुडालेली मजुरी कुणी भरून देत नाही.

उपाशीपोटी की जेवणानंतर?

उपाशीपोटी तपासणीसाठी आठ तास काही खाल्लेलं नसावं. मधुमेहींमध्ये ही साखर साधारण ८० ते १३० असावी. लांबून येणाऱ्याला उपाशी राहणं जड जातं. अशांनी डॉक्टरांना विचारून जेवणानंतरची तपासणी करावी. पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे. नेहमीचं जेवण, नेहमीची गोळी घ्यायची. आकडा १८०च्या आत हवा.

तीन महिन्यांची साखर

तपासणी आली की दोन दिवस भात आणि गोड चहा बंद करणारे पुष्कळ. एचबीए१सी ही तपासणी त्यांना फसत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात; त्यांतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४. बहुतेकांनी ७च्या आत राहावं. वयस्कर, इतर आजार असलेल्यांना ८पर्यंत चालतं.

बाहेर केली तर ही तपासणी महाग पडते, म्हणून दर खेपेला नको. साखर आटोक्यात असेल तर वर्षातून दोनदा, औषध बदललं तर तीन महिन्यांनी पुरे. मात्र लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर आकडा खोटा चढतो, सिकलसेलमध्ये खोटा उतरू शकतो. तेव्हा साध्या तपासण्यांवरच भर द्यावा.

ग्लुकोमीटर वापरताना

हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला गूळ लागलेला असेल तरी आकडा वाढतो. बोटाच्या कडेला टोचा, दुखतं कमी. जावळीच्या पावसाळ्यात पट्ट्यांना दमट हवा लागते, म्हणून डबीचं झाकण लगेच लावा. मुदत संपलेली पट्टी वापरू नका.

नोंद ठेवा

२०३० पर्यंत निदान झालेल्या ८० टक्के मधुमेहींची साखर आटोक्यात असावी, असं उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ठरवलं. त्यासाठी मागचा आकडा हाताशी लागतो. तारीख, वेळ, उपाशी की जेवून, एवढं वहीत लिहा आणि ती वही केसपेपरसोबत डॉक्टरांना दाखवा. एका आकड्यावर गोळ्या स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका.