एका तिकिटामागच्या अनेक सेवा

साताऱ्याहून सांगलीला जायला मोबाइलवर एसटीचे आरक्षण करताना आसन राखणे, पैसे भरणे, संदेश पाठवणे अशा वेगवेगळ्या सेवा एकत्र काम करतात. हीच संयुक्त वेबसेवा. प्रत्येक सेवेचा वेग, उपलब्धता आणि भरवसा सतत बदलत असतो. सणासुदीच्या गर्दीत तर फारच. चांगली प्रणाली त्यावर नजर ठेवते. एक पेमेंट गेटवे मंदावला, तर ती दुसऱ्याकडे वळते. संदेश रखडला, तरी तिकीट अडत नाही. पैसे कापूनही आसन मिळाले नाही, तर रक्कम परत होते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, विक्रेत्याला पुष्टी न मिळालेल्या यूपीआय व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर रोज १०० रुपये भरपाई मिळते. म्हणून घाईने पुन्हा पैसे भरू नका; आधी व्यवहाराची स्थिती तपासा.